दोन ठिपके

ल्योशेनब्रांट.
जिभेला एवढा वळसा इथं कुणी घालत नाही.
धक्क्यावरच्या कारकुनानं ऐकू आलं तसं लिहिलं, लोझेंब्रान,
तेव्हापासून आम्ही तेच.
पणजोबांच्या सहीत 'ओ'च्या डोक्यावर दोन ठिपके होते.
ते समुद्रात पडले
की कारकुनाच्या दौतीत राहिले, कोण सांगणार.

इताजाईच्या या खोऱ्यात आमची चार घरं.
ऑस्ट्रेलियात एक दंतवैद्य, त्यानं आडनावाची दोन अक्षरं उपटून टाकलीत.
कझाकस्तानात एक म्हातारी, लिडिया.
तिचं पाकीट येतं तेव्हा आमचं नाव रशियन लिपीत
कुडकुडत आलेलं असतं.
बस्स. मूळ गावात तर एकही नाही.

अर्थ मात्र बाबांना पाठ : आग विझवणारा.
अर्निल्दो लोझेंब्रान,
तंबाखूच्या भट्ट्यांवर जन्म काढलेला माणूस,
दारावर पत्र्याची बादली टांगायचा
राजचिन्हासारखी.
शेजाऱ्यांचं वाळवणीचं कोठार पेटलं त्या रात्री
सगळ्यांच्या आधी धावला, भुवया देऊन परत आला.
वर म्हणे, "आडनावाला जागायला नको?"

मग तिकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं.
चर्चच्या वहीत तिला आमचा मूळपुरुष सापडला होता.
योब्स्ट. रात्रीचा पहारेकरी.
प्यायला, झोपला.
एकोणीस कोठारं जळाली, आणि एक गाय, गाभण.
पुढे जन्मभर पोरं त्याच्या मागं ओरडत फिरली,
ल्योश-देन-ब्रांट! विझव की रे आग!
टोमणा मुलाला लागला, नातवाला चिकटला,
नातवाच्या नातवानं तो ट्रंकेत घालून
जहाजावर चढवला.

आडात होतं ते हे असं.
पोहऱ्यात बाबांनी भलतंच काही वर काढलं होतं
आणि आम्ही सगळे तेच पाणी प्यालो.

पत्र मी पिठाच्या डब्याखाली सरकवलं.
दोन वर्षं तिथंच होतं.

मार्चमध्ये बाबा गेले.
पाथरवट म्हणाला, अक्षराला पैसे, ठिपके फुकट.
पण हे कसले ठिपके?
आमच्याकडे असं कुणी लिहीत नाही.
डोळे आहेत, मी म्हटलं. उघडे ठेव.
हा माणूस नावाला जागला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, छिन्नी टेकवली.
डावा ठिपका जरा मोठाच झाला.