सत्त्याण्णव किलो

तादेयानं विचारलं, वजन किती?
मी म्हणालो, ब्याऐंशी.
हेल्मेट, बूट, जाकीट धरून?
मी म्हणालो, धरून.

तिनं मान वर केली नाही.
कोबारिदच्या बंद पडलेल्या चीज-कारखान्यामागे तिचं गॅरेज,
कोपऱ्यात अजून तो लोखंडी काटा
ज्यावर चीजचे गोल गोल ठोकळे तोलायचे.
"चढ," म्हणाली.
काट्यानं थोडे आढेवेढे घेतले
आणि सत्त्याण्णववर थांबून
माझ्याकडे बघत राहिला.

"हिवाळ्यात मी लोकांना स्की जुळवून देते.
तिथंही सगळे वजन चोरतात.
मग गुडघा फिरतो, आणि शिव्या मला."

टेपचं एक टोक मागच्या चाकाच्या आसाशी,
दुसरं शेपटाखालच्या बोल्टाशी.
चाक अधांतरी : सहाशे बारा मिलिमीटर.
मी बसलो : पाचशे छप्पन्न.
अकरा वर्षं मी गाडीवर बसतोय असं समजत होतो,
मी तिला खाली बसवत होतो.
"मागून टेकली की गाडी नाक वर करते," तादेया म्हणाली,
"आणि नाक वर असलं
की वळण दिसत नाही कुणालाच."

अडतीस नंबरचं वळण.
बोवेचहून व्रशिचच्या घाटात चढताना
तिथं माझी गाडी दर वेळी रेषा सोडायची,
पलीकडच्या बाजूला ओढली जायची,
लग्नात ओळखीचं कुणी दिसावं तशी.
मी दोष दिला टायरांना,
मेंढ्यांच्या लेंड्यांना,
इटलीहून येणाऱ्या घराएवढ्या गाड्यांना,
एकदा तर वयालाही.
गेल्या उन्हाळ्यात समोरून सायकलवाला आला,
इतका जवळून गेला
की त्याच्या बाटलीतलं पाणी संपत आलेलं दिसलं.
माय्दा मागे बसली होती.
ती काही बोलली नाही.
घरी येऊन हेल्मेट काढलं, खुराड्यात ठेवलं.
तेव्हापासून त्यात कोंबडी अंडी घालते.

जुना शॉक अ‍ॅब्झॉर्बर निघाला
तेलानं माखलेला, दांड्यावर गंजाचे व्रण.
दाबला की दबायचा,
सोडला की उसळायचा,
मधे विचार असा काही नव्हताच.
नवा राखाडी, जाड स्प्रिंगचा,
बघून कुणी हेवा करावा असं त्यात काही नाही.
पोस्टातला माझा पाऊण पगार त्यात गेला.
तादेयानं खालचं चाकासारखं बटण फिरवलं,
टिक, टिक, टिक,
चौदाव्याला थांबली, एक मागे घेतली.
"उसळू दे, पण सावकाश. बस आता."
पाचशे शहात्तर.
ती पहिल्यांदा हसली.

सकाळी एकटाच निघालो.
खाली सोचा नदी, वर अजून सावली.
पन्नास, एकोणपन्नास, पाट्या उलट्या मोजत.
अडतीसला ब्रेक लावला, मान वळवली,
कललो,
आणि मागचं चाक असं बसलं
जसा घरचा माणूस आपल्या जागी बसतो,
न विचारता.
गाडी कुठं ओढली गेली नाही.
जिथं बघितलं तिथं गेलो.

पुढे गाडी लावून चालत परत आलो,
वळणाकडे बघत उभा राहिलो.
केवढंसं होतं.
गवत कापणारा म्हातारा म्हणाला, काही हरवलं का?
मी म्हणालो, पंधरा किलो.
त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.
पुन्हा विळ्याला धार लावू लागला.

रात्री माय्दाला आकडा सांगितला.
ती माझ्या विजारीची शिवण उसवत होती,
सुई न थांबवता म्हणाली,
"मला वाटलं होतं, शंभर."

पुढच्या सोमवारी तिनं खुराड्यातून हेल्मेट आणलं.
तीन वेळा धुतलं. अंडी टोपलीत.
मी तादेयाला फोन केला :
दोघांसाठी स्प्रिंग किती आवळायची?
"बायकोचं वजन सांग."

नाव माझं स्रेच्को, म्हणजे नशीबवान.
नशीब मी उगाच ताणत नाही.
फोन माय्दाच्या हातात दिला
आणि अंगणात गेलो,
कोंबडीला नवी जागा बघायला.