दहा तेत्री

आमच्या इमारतीची लिफ्ट पैसे खाते.
एका खेपेला दहा तेत्रीचं नाणं.
उतरायला पाय आहेत की, असं त्सियाला मला सांगते
आणि स्वतः मात्र गुडघ्यांवर ढकलून
खालीही लिफ्टनंच जाते.

म्हणून दाराशी मोहरीच्या जुन्या बरणीत सुटे पैसे.
माझ्या कोटातले, तिच्या पर्समधले.
रविवारी नातू येतो, सांद्रो.
तो त्यातली दोन नाणी हळूच लांबवतो.
शनिवारी रात्री मी चार जास्तीची टाकून ठेवतो,
आणि सकाळी मोजतो तर आठ जास्तीची असतात.

ग्लदानीत, नवव्या मजल्यावर, एकोणचाळीस वर्षं.
खिडकीपासून समोरच्या खांबापर्यंत
कप्पीवर फिरणारी कपड्यांची दोरी.
कपडे मी वाळत घालतो.
कप्पी कुरकुरली की स्वयंपाकघरातून ती काहीबाही बोलते,
मोज्यांबद्दल, ढगांबद्दल,
कधी नुसतंच "हं".

त्या आठवड्यात कप्पी एकटीच कुरकुरत होती.
तीन दिवस अबोला.
कारण सांगायला लाज वाटते: एक चाळणी.
तिच्या बहिणीची, एतेरीची.
मी म्हणालो, परत दिली.
एतेरी म्हणाली, छे.

चौथ्या दिवशी पाव आणायला दोघंही निघालो,
बरोबर नव्हे, एकाच वेळी.
मी करपलेला उचलतो म्हणे,
आणि ती कच्चट उचलते, हे मला ठाऊक आहे.
मालखाझ विहिरीसारख्या भट्टीत कमरेपर्यंत वाकला,
भिंतीला चिकटलेले दोन शोती सोडवून वर आला,
होडीसारखे लांब, दोन्हीकडून टोकदार.
एक तिच्या काखेत, एक माझ्या.
थंडीत असं काही काखेत असलं
की माणूस जरा ताठ चालतो.

लिफ्टमध्ये नाणं तिनं टाकलं.
मी ते मनात टिपून ठेवलं.
सहावा गेला, सातवा यायचा होता,
आणि वीज गेली.

अंधार.
पावाचा वास एवढा दाट
की आमच्यात तिसरं कुणी उभं असावं.
मग आवाज आला: कर्रम.

वाटेत पावाचं टोक मोडणं ही आमच्या घरात चोरी.
ह्यावरून खातुनाला, आमच्या लेकीला,
लहानपणी किती बोलणी बसली आहेत!
मी काही म्हणालो नाही.
माझ्या पावाचं टोक मोडलं. कर्रम.

"ऐकू आलं मला," ती म्हणाली.

सातव्या मजल्यावरच्या नातेलानं
दाराच्या फटीतून हात खाली सोडला,
वर्तमानपत्रात सुलुगुनी चीजचे पातळ काप,
जणू पोस्टानं आलेलं पत्र.
"मीठ जास्त झालंय हं!" ती वरून ओरडली.
झालं होतं.
आम्ही जमिनीवर बसलो, गुडघ्याला गुडघा लावून,
आणि चाचपडत खाल्लं.
तिनं सांगितलं, बाल्कनीतले खुरमे पिकायला लागलेत,
एक कावळा रोज येऊन त्यांची चौकशी करतो.
मी म्हणालो, उद्या कप्पीला तेल घालतो.
"नको," ती म्हणाली.
बराच वेळ पुढं काही नाही.
मग, घास गिळून:
"तू कुठं आहेस ते कळतं मला त्यानं."

दिवे आले तेव्हा
तिच्या हनुवटीला पीठ होतं, माझ्या बाहीलाही,
आणि दोन्ही कागद रिकामे.
लिफ्ट नवव्यावर थांबली, दार उघडलं,
समोर आमचंच दार.
कुणीच बाहेर पडलं नाही.

"जेवायला पाव नाही," मी म्हणालो.
तिनं पर्स उघडली, नाणं शोधलं.
"पायांनी जाऊ?" मी विचारलं.
"गुडघे," ती म्हणाली, आणि नाणं आत टाकलं.

मालखाझनं पाहिलं, भुवया उंचावल्या:
"पाहुणे आलेत वाटतं?"
"हो ना," त्सियाला म्हणाली. "दोन. फार खातात."

चाळणी अजून सापडलेली नाही.