भेंडीची चाकं

निंभोऱ्याच्या अंगणवाडीत
आज भेंडी आडवी कापली,
निळीत बुडवून कागदावर टेकवली –
चाकं.
केळीच्या दांड्याचे ठसे म्हणजे डबे.
टिकारामच्या रेल्वेला सतरा चाकं,
एक वर आभाळात;
"ते स्टेपनी हाय," म्हणाला.

नजमा तडवीनं भेंडी घेतलीच नाही.
चौकोन काढला,
खाली बोटानं दोन लाल ठिपके.
"अगं, ट्रकला चाकं?"
"बा केळी घेऊन दिल्लीले जातो ना बाई,
तवा मांगून असाच दिसतो."

मग दुसरा कागद. चौकोन लहान.
तिसऱ्यावर आणखी.
चौथ्यावर
नुसते ठिपके.

भिंतीवर डकवताना
माझ्याकडून क्रम उलटा झाला.
खळीचा हात फ्रॉकला पुसत
ती ओरडली,
"बाई, बा रिव्हर्समधी येऊ राह्यला!"