दोन बोटांची जागा

हनुवटी आणि पट्टा यांच्यामध्ये
दोन बोटं मावली पाहिजेत.
तीन गेली तर सैल,
एकच गेलं तर पोरगी कुरकुरते.
मी डाव्या हाताने मोजायला जातो,
प्रांजल मान मागे घेते :
पप्पा, त्या हाताने नको.
ते बोट खोटं मोजतं.

खरंय.
डाव्या तर्जनीचं एक पेर
सातपूरच्या प्रेसखाली राहिलं,
ती जन्मायच्या दोन वर्षं आधी.
गार्ड आम्हीच काढून ठेवलं होतं,
तासाला चाळीस नग जास्त निघायचे म्हणून.
भिंतीवर पिवळ्या अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं.
आणि मला वाचता येत होतं.

रविवारी मी तिची स्कूटर उलटी करून
सिडकोतल्या आमच्या पायरीवर बसतो.
चाक फिरवतो, कान लावतो.
बेअरिंग बोलतं, ऐकणारा पाहिजे.
दांडीची कळ आत बसली ना,
ॲलन कीचा अर्धा आटा अजून,
मागचा ब्रेक टाचेने दाबून बघतो,
चप्पल नाही, बूटच, असं तिला बजावत
स्वतः चपलेवर.
शेजारचे देवरे विचारतात,
काय निकुंभ, विमान उडवायचं का?

गल्ली उताराची.
खालच्या वळणावर दुधाचा टेम्पो
पाठमोरा आत शिरतो, त्याला पोरं दिसत नाहीत.
फेब्रुवारीत हातगाड्यांखाली द्राक्षाचे मणी चिरडलेले असतात,
एवढ्याशा चाकाला ते साबणासारखे.
म्हणून वळणाच्या आधी दहा पावलं
मी खडूची रेघ मारली :
इथे उतरायचं. स्कूटर हातात धरायची.
एका फळीवर दोघं नाहीत,
धाकट्या यशोधनने कितीही भोकाड पसरलं तरी.

खडू टिकत नाही.
ती पुन्हा मारते रेघ,
दर वेळी वीतभर खाली.
मी रात्रपाळीहून येताना बुटाने पुसतो,
वर मारतो.
यावर आमचं कधीच बोलणं झालेलं नाही.

मंगळवारी सकाळी मी झोपेत होतो.
आवाज मोठा नव्हता,
फरशीवर नारळ ठेवावा तेवढा.
अनवाणी धावलो.
ती उभी होती, गुडघा सोललेला,
कानामागे हेल्मेटला केसाएवढी चीर.
पहिलं वाक्य तिचं :
पप्पा, रेघेच्या वरच पडले.
मी रेघ बघितली नाही.

देवरे म्हणाले, एवढं चांगलं हेल्मेट,
भाच्याला देतो माझ्या, चिकटपट्टी लावून.
मी आतून कात्री आणली
आणि त्यांच्यासमोरच पट्टा कापला.
एकदा मार खाल्लेलं दुसरा खात नाही, काका.
ते जरा फुगलेच. असू दे.

नवं आणलं, निळं.
उजव्या हाताने मोजून दिलं.
रात्री पावणेदहाला मी मोटारसायकल काढली
तर ती दारात आडवी.
थांब. वर बघ.
माझ्या हनुवटीखाली तिने
आपली दोन बोटं घातली,
शाईने माखलेली, पेन्सिलीएवढी,
आणि ती जेमतेम मावतील इतका
पट्टा ओढून घेतला.

त्र्यंबक रोडला लागेपर्यंत
गळ्याशी काचत होता.
सिग्नलला हात वर गेला,
तसाच खाली आला.