टोपण

प्रॅक्टिकलच्या वहीत मी पान काढत होते.
झांबरे मॅडमनी बजावलेलं : शेडिंग नको, ठिपके द्या,
शीर म्हणजे नुसती रेघ नव्हे.
तेवढ्यात आप्पा आले फेगड्यांच्या बागेतून,
खांद्यावर सोळा एमएमच्या नळीचं वेटोळं,
खिशात पंच, ग्रोमेट, मूठभर टोपणं.
चिनावलातल्या निम्म्या केळीला
पाणी आप्पांच्या हातून जातं.

वहीत डोकावले :
"ही मेन. ही सबमेन. ह्या लॅटरली.
कोनी केलं हे डिझाइन?"

मी म्हटलं, हा पिंपळ. केळीचं वेगळं.
मधल्या दांड्यातून निघालेल्या शिरा समांतर,
एकमेकींशी फारसं न बोलणाऱ्या.
म्हणून वावधानात पान फाटतं ते शिरेच्या कडेकडेनं.
चिंध्या होतात,
पण प्रत्येक चिंधीचा नळ चालू.

"ते मले ठाऊक.
वाऱ्याले वाट द्याले फाटतं ते.
नसतं फाटलं, तर खोडच मोडतं."

मग पाय धुता धुता : "अन चोकअप?"

आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं.
ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं साचतं,
आप्पा महिन्याला ॲसिड सोडतात,
तरी एखादी ओळ मान टाकलेली सापडतेच.
पिंपळात, मी सांगितलं, एक शीर तुटली
तर पाणी शेजारणीच्या घरातून येतं, सगळ्या शिरा जाळ्यात.
शिवाय प्रत्येकीत दोन वाटा :
एकीतून पाणी पानात येतं,
दुसरीतून साखर झाडाकडे परत जाते.

परत, या शब्दावर आप्पा थांबले.
त्यांच्या नळीतून आजवर परत काही आलं नव्हतं,
फेगड्यांकडची दोन हंगामांची मजुरी धरून.

मागच्या टाक्यात वीस दिवस कुजत घातलेलं पान
मी जुन्या ब्रशनं हळूहळू सोडवलं.
हिरवं सगळं वाहून गेलं. वास सुटला, आई ओरडली.
हातात उरली जाळी,
फुंकर घातली तर उडेल अशी.

आप्पांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली.
काळ्या नखानं एक शीर पकडली,
तिची फांदी, फांदीची फांदी,
नख जाडं पडू लागलं तसं डोळ्यांनी.
खूप वेळानं म्हणाले,
"याच्यात टोपन कुठी हाये?"

टोपण नाही, आप्पा.
शेवटची शीर बारीक होत होत
हिरव्याच्या मधोमध संपते. उघडीच.

"मंग पानी वाया नाही जात?"

तिथंच तर पान असतं.

त्यांनी जाळी वहीत ठेवली, वही मिटली.
मग खिसा पालथा करून
टोपणं मोजायला बसले.
सकाळी चौदा ओळी बंद करायच्या होत्या.