सदतीस

डुलुथला फेब्रुवारीत सरोवर गोठतं तेव्हा
दर गुरुवारी आम्ही माझ्या हार्डवेअरच्या दुकानाखाली जमतो,
खिळ्यांच्या पेट्यांमध्ये, एका घडीच्या टेबलाभोवती.
बॉयलर खोकतो. दाराशी बूट वितळत राहतात.

खेळाचं छापील नियमपुस्तक मला कधीच पटलं नव्हतं.
त्यात माणसाला साठ जीवगुण असतात
आणि एकोणसाठ गेले तरी तो
तितक्याच जोमाने तलवार फिरवतो,
विनोद करतो, जिना चढतो.
साठावा गेला की धाडकन आडवा.
मधे काही नाही. ना लंगडणं, ना कण्हणं.
आठ तास झोपला की सकाळी
अंगावर ओरखडासुद्धा नाही.
असा देह कुणाचा असतो? मी विचारायचो.

म्हणून तीन हिवाळे खपून माझे नियम लिहिले.
एक्काहत्तर पानं, चौकटीची वही.
कुऱ्हाडीला वेगळा तक्ता, भाल्याला वेगळा,
चिलखताच्या सांध्यात शिरलेल्या सुरीला तर स्वतंत्र तळटीप.
दर फेरीला रक्त किती जातं,
घाण पाण्यात धुतलेली जखम कितव्या दिवशी चिघळते,
मांडीचं हाड मोडलं तर चाल निम्मी:
सगळं शंभराच्या फाशांवर.

मेरिबेथ इमर्जन्सीत रात्रपाळी करते.
तोंडातलं गाजर चावायचं थांबवून तिने वही चाळली.
"रक्ताचं साधारण बरोबर आहे.
पण तुझी माणसं फार गप्प मरतात, ऑरिन.
माझ्याकडे येतात ते विचारतात
गाडी कुठे लावली, कुत्र्याला कुणी खायला घातलं का.
एकाने तर आम्ही कापलेल्या कोटाची भरपाई मागितली."
मी समासात लिहिलं: बोलणं?
आणि पान उलटलं.

त्या रात्री पुलावरची लढाई होती.
आर्विडचा भालाईत पुढे, बाकीचे मागे, धुकं.
राक्षसाचा घाव बसला. मी फासे टाकले. तीन आणि सात.
वहीवर बोट फिरवत वाचलं, खणखणीत,
जरा अभिमानानेच:
"सदतीस. डाव्या हाताची दोन बोटं तुटतात.
पकड उणे दोन. कायमची."

कुणी हललं नाही.
आर्विडचा डावा हात टेबलावरच होता,
पेन्सिलीशेजारी,
कागद गिरणीच्या रोलरने अठ्ठ्याऐंशी साली
जेवढा परत दिला तेवढा.
सहा वर्षं मी त्या हातात चिप्सचा वाडगा देत आलोय
आणि तक्ता लिहिताना मला तो
एकदाही आठवला नव्हता. खरंच नव्हता.
की आठवला होता,
म्हणूनच दोन, म्हणूनच डावा?

आर्विडने पकडीपुढचा आकडा पुसला,
फुंकर मारली, नवा लिहिला.
"पहिल्या वर्षी उणे दोन कमी आहे," तो म्हणाला.
"नंतर जास्त. आता मासे साफ करताना लक्षातही येत नाही.
पण थंडीत खाज सुटते. इथे."
आणि टेबलावर, जिथे काहीच नव्हतं,
तिथे त्याने जरा खाजवल्यासारखं केलं.
"याला किती?"

मी उगाच वहीत शोधत राहिलो.
डेस्मंडने विचारलं, राक्षसाची पाळी संपली का.
संपली होती.
"मग माझी," म्हणत आर्विडने त्याच हातात फासे घेतले,
नेहमीसारखे कानाशी नेऊन खुळखुळवले.

नंतर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना वाटलं,
ते साठ गुणांचे बिनजखमी लोक
तितकेही खोटे नसतील.
रात्रभर झोपून सकाळी अख्खं उठावं
असं कुणालातरी फार वाटलं असेल,
त्याने ते नियम म्हणून लिहून टाकलं.

मी मोजा काढला. दोन बोटं मुडपून पाहिली.
खरवडणी तीनदा निसटली.
उणे तीन असावं.
मग बोटं गारठून दुखायला लागली
आणि मी ती परत मोज्यात घातली.
मला तसं करता येत होतं.