तिसरा सिलिंडर

पत्र्याला भोक नेमकं तिथेच होतं.
अकरा हिवाळे थेंब थेंब, गाडीच्या पाठीवर.
आमच्या फियाट सहाशेचं इंजिन पाठीमागेच,
म्हणून सगळं तिथेच मुरलं.

प्लग काढले. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या भोकात नुसता काळोख,
तिसऱ्यात गंजाचं पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
मायकोल म्हणाला, आत्या, हातोडा आण.
मी म्हटलं, आधी केटल ठेव.

सतरा वर्षांचा आहे. त्याचा एक उपाय हातोडा,
दुसरा उपाय दामासोमामाचा ट्रॅक्टर:
गाडी गिअरला टाकायची, दोर बांधायचा, ओढायची.
ओढली तर सुटेलही.
किंवा कनेक्टिंग रॉड मोडेल,
आणि मग आपण सुटू.

निम्मं डिझेल, निम्मं गिअरचं तेल.
खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मापून ओतलं.
सकाळी पहिला, दुसरा, चौथा रिकामे;
रिंगांच्या कडेकडेने झिरपून गेलेलं. बरी खूण.
तिसऱ्यात विणायची सुई बुडवली: चार बोटं.
दुसऱ्या दिवशी चार बोटं.
मंगळवारी, बुधवारी, चार बोटं.

माझा उजवा खांदाही मार्चपासून आखडलाय.
दवाखान्यातली निल्दा म्हणते, हिसका द्यायचा नाही.
भिंतीवर बोटांनी चालत वर जा,
दुखलं की थांब, परत ये.
स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी नेलपॉलिशने खुणा केल्यात.
सगळ्यात वरची दिव्याच्या बटणाच्या खाली, वीतभर.
म्हणजे दिवा अजून डाव्या हातानेच.

म्हणून माहिती माझी, दंड मायकोलचा.
माहितीही खरं तर बाबांची.
पायसांदूच्या लोकर गिरणीत ते कातणीची यंत्रं दुरुस्त करायचे
आणि बोलायचे फक्त यंत्रांशी.
अडलेल्या नटाला विचारायचे, काय रे, रुसलास?
आम्हाला कधी नाही.

शनिवारी सुई अर्धं बोट कमी ओली निघाली.
मी कुणाला सांगितलं नाही. पुसली, पुन्हा मोजली.
मग सांगितलं.

पुलीच्या नटावर पाना, पान्यावर पाण्याच्या नळाचा हातभर तुकडा.
पुलीवर लाल रेघ, त्याच बाटलीतली.
जोर नको, मी म्हटलं.
पुढे येत नसेल तर मागे रेट. मागे जात नसेल तर पुढे.
"म्हणजे नक्की काय करू?"
आर्जव कर.
कसलं आर्जव, तो पुटपुटला, पण हात हलका झाला.

तासभर काही नाही.
बगलेतल्या थर्मासमधलं पाणी कोमट झालं,
मातेची चव गेली, आम्ही ओढतच राहिलो आळीपाळीने त्याच नळीतून.
रेडिओवर फुटबॉल, दोन्हीकडे शून्य.

मग एक आवाज.
मोडल्याचा नव्हे. ओल्या काचेवरून अंगठा फिरवावा तसा.
मायकोल पांढरा पडला: मोडलं?
मी रेघ बघितली. सरकली होती.
नखाएवढीही नाही,
नखात मळ अडकतो तेवढी.

मागे घे, मी ओरडले. परत मागे घे!
जिंकल्यावर मागे यायचं हे त्याला पटेना.
आला पण. पुढे, मागे, पुढे,
दर खेपेला एक केस जास्त,
आणि तिसऱ्या भोकातून तपकिरी चिळकांडी उडाली
थेट त्याच्या नव्या शर्टावर.
हसला. त्याचा बाप गेल्यापासून
मी त्याचे इतके दात पाहिले नव्हते.

अर्धा फेरा झाला. मग पुन्हा अडली.
"आता?"
आता तेल ओत, फडकं कोंब, जेवायला चल.

सुरू होईल की नाही, माहीत नाही.
कार्बुरेटरमध्ये गांधीलमाशीचं घर आहे,
वायरी उंदरांनी खाल्ल्यात,
कागदपत्रं अजून बाबांच्या नावावर.

रात्री भिंतीवर बोटं चालवली.
बटणापर्यंत नाही, पण कालच्या खुणेच्या वर.
नेलपॉलिश शेडमध्येच राहिलं होतं.
नखातल्या गंजानेच ठिपका दिला
आणि डाव्या हाताने दिवा मालवला.